नाव ठेवणं, नावं ठेवणं

बदनापूरला गेल्या हिवाळ्यात एका बारशाला गेलो होतो. दारापुढं मांडव, मधोमध पाळणा, कडेला घुगऱ्यांचं पातेलं. बाळाची आत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात 'कुर्र' करून तिनं नाव सांगितलं आणि मागं टपून बसलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. आत्या मार खात हसत होती. बाळाचे आजोबा भिंतीला टेकून हे सगळं बघत होते. पंच्याहत्तरीच्या घरातले गृहस्थ. माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फरक किती?" मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात त्यांनीच सांगून टाकलं, "एका टिंबाचा."

ते टिंब तेव्हापासून माझ्या मनातून गेलेलं नाही. पाळण्यातल्या बाळाचं आपण नाव ठेवतो आणि शेजाऱ्याच्या वागण्याला नावं ठेवतो. क्रियापद तेच. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात हिणवणं आहे. पण ज्यांना पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या मालकीत नाहीतर दुसऱ्याच्या वेशीबाहेर राहावं लागलं, त्यांच्या वाट्याला हे टिंबाएवढं अंतरसुद्धा आलं नाही. त्यांचं नाव ठेवणं हेच त्यांना नावं ठेवणं होतं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा लढा आणि मराठवाड्यातल्या दलितांचा लढा यांची तुलना पुष्कळांनी केली आहे, शोषणाच्या अंगानं, साहित्याच्या अंगानं, राजकारणाच्या अंगानं. मला ती या टिंबापासून करावीशी वाटते, कारण दोन्हीकडच्या माणसांनी आधी आपलं नाव परत मागितलं.

अमेरिकेची १८५० आणि १८६० ची खानेसुमारी बघावी. गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात मालकाचं नाव लिहिलेलं असे आणि त्याखाली ओळीनं नुसतं वय, लिंग, रंग. माणसाच्या नावाचा रकानाच नव्हता. मोजके अपवाद सोडले तर नाव कुणी लिहिलंही नाही. गुलामगिरी संपल्यावर, १८७० च्या खानेसुमारीत, ही माणसं पहिल्यांदा सरसकट नावानिशी कागदावर आली. आज एखादं काळं कुटुंब आपल्या पूर्वजांचा माग काढायला बसलं, की तो १८७० पर्यंत नीट लागतो आणि त्याच्या पलीकडं बहुतेकदा नुसते आकडे उरतात : पुरुष, वय ३४, काळा. स्त्री, वय १९, काळी.

आणि नाव मिळालं तेव्हा आडनावाचं काय? अनेकांच्या मागं मालकाचंच आडनाव लागलेलं होतं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात लहानपणची एक गोष्ट सांगितली आहे. गुलामगिरी नुकतीच संपली होती. शाळेत पहिल्यांदा हजेरी चालू झाली, तर बाकीच्या मुलांना दोन दोन नावं होती आणि यांना एकच. आपली पाळी येईपर्यंत त्या मुलानं विचार केला आणि पुकारा झाल्यावर शांतपणे स्वतःचं आडनाव सांगितलं, वॉशिंग्टन. या मुलानं पुढं १८८१ मध्ये टस्कीगीची काळ्यांसाठीची शिक्षणसंस्था उभी केली. ज्याच्या कानात कुणी आडनाव सांगितलं नव्हतं, त्यानं हजेरीच्या रांगेत स्वतःचं बारसं स्वतः केलं.

आपल्याकडं कागदावर नाव असे, पण ते तोंडात येत नसे. महारवाड्यातल्या माणसाला हाक जायची ती जातीनं नाहीतर कामानं, येसकर म्हणून. नाव घेतलंच, तर त्याच्या शेवटी 'या' लागायचा. इथं थोडं थांबून सांगायला हवं, की दगडू, धोंडू, कचरू ही नावं एकट्या दलितांची नव्हेत. मूल जगत नसलं की दृष्ट लागू नये म्हणून सगळ्याच जातींत अशी नावं ठेवत. पण पाटलाचा धोंडू मोठेपणी धोंडिबा होई, धोंडीराव होई. महाराचा धोंडू म्हातारा झाला तरी धोंड्याच राहायचा. अपमान नावात नव्हता, नावाच्या शेपटात होता. बारशातले ते आजोबा १९५५ च्या सुमारास शाळेत गेले. घरी आत्यानं ठेवलेलं नाव दगडू. शाळेच्या दाखल्यावर आलं दगड्या. चेष्टेत नव्हे, कायमच्या शाईत, वडिलांच्या नावासकट. वडिलांच्या नावालाही तेच शेपूट.

मराठीत माणसाला खाली बसवायला एक प्रत्यय आणि एक 'अरे' पुरतो. वाड्यावरचं आठ वर्षांचं पोर साठीच्या माणसाला 'अरे' म्हणणार आणि तो त्या पोराला 'जी' म्हणणार. इंग्रजीत तर अरे-तुरे नाही. 'यू' राजालाही तेच आणि गड्यालाही तेच. मग तिथं हे कसं साधलं असेल? त्यासाठी दक्षिणेतल्या गोऱ्यांनी तीन युक्त्या केल्या. पहिली अशी, की काळ्या माणसाच्या नावाआधी मिस्टर, मिसेस, मिस कधीही लावायचं नाही; नुसतं पहिलं नाव. दुसरी, पुरुष कितीही वयाचा असो, त्याला 'बॉय' म्हणायचं. तिसरी मला सगळ्यांत जास्त बोचते. माणूस फारच म्हातारा झाला आणि बॉय म्हणणं जड जाऊ लागलं, की त्याला अंकल म्हणायचं आणि म्हातारीला आंट. आपल्याकडं परक्या माणसाला मामा, काका, मावशी म्हटलं की तो जवळ येतो. तिथं तेच नातं मिस्टर म्हणावं लागू नये म्हणून वापरलं गेलं. किराणा दुकानातल्या पाकिटांवरची आंट जेमायमा आणि अंकल बेन ही नावं त्याच चालीतून आली. ती कंपन्यांनी बदलली २०२० नंतर.

आणखी एक गोष्ट लिपीतली. १९ व्या शतकापासून पुढं कितीतरी वर्षं 'निग्रो' हा शब्द इंग्रजीत लहान आद्याक्षरानं छापत. काळे विचारवंत डू बॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या अक्षरासाठी वर्षानुवर्षं आग्रह धरला. न्यूयॉर्क टाइम्सनं तो मान्य केला १९३० मध्ये. एका अक्षराची उंची वाढवायला एवढा काळ. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाही. आपली उंची ठरते 'तो आला' आणि 'ते आले' यात.

हे सगळं ज्या एका प्रसंगात एकवटलं आहे, तो मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही, म्हणून सविस्तर सांगतो. अलाबामा राज्यातलं गॅड्सडेन हे गाव. साल १९६३. नागरी हक्कांच्या आंदोलनात अटक झालेल्या मेरी हॅमिल्टन नावाच्या तरुण कार्यकर्त्या कोर्टात साक्षीला उभ्या होत्या. सरकारी वकिलानं नाव विचारलं, त्यांनी पूर्ण सांगितलं, मिस मेरी हॅमिल्टन. वकिलानं पुढचा प्रश्न विचारताना त्यांना नुसतं 'मेरी' म्हटलं. त्याच कोर्टात गोऱ्या साक्षीदार बाईला कुणी असं म्हटलं नसतं. मेरी हॅमिल्टन यांनी सांगितलं, की मला नीट संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी उत्तर द्या म्हणून फर्मावलं. त्यांनी दिलं नाही. कोर्टाची बेअदबी म्हणून पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला.

यात त्यांनी काय मागितलं होतं? जमीन नाही, नोकरी नाही, मतसुद्धा नाही. वकिलानं आपल्याला 'अगं' न म्हणता 'अहो' म्हणावं, एवढंच. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं शिक्षा कायम ठेवली. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च १९६४ मध्ये त्या न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. 'अहो' म्हणवून घेण्याचा प्रश्न एका महासत्तेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जिंकला. ही हकीगत मी आजोबांना सांगितली, तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, "फक्त नावावरून? फक्त नावावरून कैद?" आणि मग स्वतःशीच मान हलवली. त्यांना ते खोटं वाटत नव्हतं. आपल्याला ते फार ओळखीचं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

१९६४ च्या त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅशियस क्ले यांनी मुष्टियुद्धाचं जगज्जेतेपद मिळवलं आणि ते मुहम्मद अली झाले. जुनं नाव गुलामीतून आलेलं आहे, ते मी टाकलं, असं त्यांनी सांगितलं. तरी वर्तमानपत्रं कितीतरी काळ त्यांना क्ले म्हणत राहिली. १९६७ मध्ये ह्यूस्टनला अर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्यानं सामन्याआधी त्यांना क्ले म्हटलं. अली पंधरा फेऱ्या त्याला मारत राहिले आणि मधूनमधून विचारत राहिले, माझं नाव काय? त्या लढतीतली क्रूरता अनेकांना खटकली, मलाही खटकते. पण तो प्रश्न खटकत नाही.

आता एकेकट्या माणसाकडून समूहाच्या नावाकडं येऊ. इथं गुंता वाढतो. 'निग्रो' हा शब्द डू बॉइस यांच्या पिढीनं मानानं वापरला. त्यांच्या नातवंडांना तो नकोसा झाला. जून १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला चळवळीतले तरुण नेते स्टोकली कारमायकेल यांनी 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली आणि शिवी म्हणून फेकला जाणारा काळा रंग लोकांनी उचलून कपाळाला लावला. आपल्याकडं अस्पृश्य, मग सरकारी कागदावर डिप्रेस्ड क्लासेस, १९३५ पासून अनुसूचित जाती. मधे गांधीजींनी दिलेलं हरिजन. ते प्रेमानं दिलेलं असेलही, पण ते दुसऱ्यानं दिलेलं होतं, आणि आंबेडकरी समाजानं ते घेतलं नाही. १९५६ मध्ये बौद्ध हे नाव त्यांनी स्वतः घेतलं. 'दलित' या शब्दाचा १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्यानं तर आवाकाच बदलला. त्यात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया असे सगळे आले. जातीनं लादलेलं ठिकाण पुसून त्या जागी त्यांनी एक बाजू लिहिली.

पँथर हे नाव कुठून आलं, हे सगळ्यांना माहीत असतं : ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं ते नाव घेतलं. पण त्या काळ्या बिबट्याचा जन्म ओकलंडचा नाही. तो अलाबामातल्या लाउंडेस परगण्यातला आहे. तिथं पाचात चार माणसं काळी, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदार यादीत त्यांतलं एकही नाव नव्हतं. लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात फार लोकांना वाचता येत नसे, म्हणून प्रत्येक पक्षाला मतपत्रिकेवर चित्र लागायचं. सत्ताधारी पक्षाचं चित्र पांढरा कोंबडा होतं. यांनी काळा बिबट्या घेतला. म्हणजे तो आधी निवडणूक चिन्ह होता! हे कळलं तेव्हा मला बदनापूर आठवलं. हा विधानसभेचा अनुसूचित जातीसाठी राखीव मतदारसंघ. इथल्या म्हाताऱ्या बाया आजही नाव न वाचता चिन्ह ओळखून मत देतात. त्यांना लाउंडेसचा बिबट्या मी अर्ध्या मिनिटात समजावून सांगू शकेन. विद्यापीठात त्याला तासभर लागतो.

या वाटा आजच्या नाहीत. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हार्लेम या काळ्यांच्या वस्तीच्या शेजारी. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडं निग्रो संघटनेनं केलेल्या अर्जाची प्रत मिळेल का, असं त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून विचारलं आणि त्याच जुलैअखेर डू बॉइस यांचं आपुलकीचं उत्तर आलं. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख 'अमेरिकेतले एक अस्पृश्य' अशी करून दिली. आपल्याला क्षणभर धक्का बसला, राग आला, आणि मग आपल्या देशातली आपल्या लोकांची वस्ती आठवून आपण म्हणालो की होय, मी अस्पृश्य आहे, असं किंग यांनी पुढं १९६५ च्या एका प्रवचनात सांगितलं. तेच नाव दुसऱ्यानं लादलं की बेडी; समोर बसलेल्या पोरांसाठी स्वतः होऊन घेतलं की नातं.

मराठवाड्यात हे सारं पोचलं ते मुख्यतः एका कॉलेजातून. बाबासाहेबांच्या संस्थेनं १९५० मध्ये औरंगाबादला काढलेलं मिलिंद महाविद्यालय. सिकंदराबाद-मनमाड मार्गावरच्या गावोगावची पोरं पॅसेंजरनं तिथं जात. बदनापूर त्याच रुळावर आहे. अमेरिकेत शिकून आलेले प्रा. म. ना. वानखेडे यांनी तिथं काळ्या लेखकांची ओळख करून दिली. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'नं त्या चर्चेला पानं दिली. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्य आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. मूळ माणसं 'निग्रो' हा शब्द टाकत होती, त्याच वर्षांत तो मराठीत आदरानं रुजत होता. त्यात दोष कुणाचा नाही. शब्द समुद्र ओलांडायला वेळ घेतात.

बाबासाहेबांनी त्या कॉलेजला मिलिंद हे नाव का दिलं असेल, याकडं माझं लक्ष फार उशिरा गेलं. परिसराचं नाव नागसेनवन. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे, आणि तो सुरू होतो नावापासूनच. राजा विचारतो, भन्ते, आपलं नाव काय? भिक्खू सांगतात, मला नागसेन म्हणतात. पण ही केवळ हाक आहे, व्यवहारापुरती खूण आहे, तिच्या आत कायमचा असा कुणी सापडत नाही. राजा गोंधळतो. तेव्हा नागसेन त्याला त्याच्याच रथाबद्दल विचारतात. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? एकेक नाकारत राजालाच म्हणावं लागतं, की या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो, एवढंच.

नावात काय आहे, असा प्रश्न नामांतराच्या वेळी किती जणांनी विचारला! २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्याच दिवसापासून मराठवाडा पेटला. बदनापूर तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला १९८१ ला. पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेडकडच्या पोचिराम कांबळे यांना ठार मारलं गेलं. नावात काहीच नसतं तर ज्यांना ते नको होतं त्यांनी काडी कशाला ओढली? आणि नागसेन म्हणतात त्याप्रमाणे नाव म्हणजे निव्वळ खूण असेल, तर अस्पृश्य ही खूणही हाडामांसात नाही. चाकात नाही, आसात नाही, दांडीत नाही. ती जुळवलेली आहे. जुळवलेलं सुटं करता येतं. कॉलेजच्या दारावर हा संवाद नाव म्हणून लावणाऱ्या माणसानं पोरांच्या हातात केवढी किल्ली दिली होती! १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षं. अर्धं नाव जुनं, अर्धं नवं, तरी नाव लागलं.

एक आक्षेप मात्र मी कधी हलका मानला नाही. नावानं पोट भरतं का? १९६८ मध्ये मेम्फिसला दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले, तेव्हा तेराशेच्या आसपास कामगारांनी संप केला. मागण्या पगाराच्या, सुरक्षेच्या, युनियनच्या. गळ्यातल्या पाट्यांवर मात्र लिहिलं होतं, मी माणूस आहे. पोट आणि नाव त्यांना वेगळं करता आलं नाही. आपल्या भाषेतही नाव असणं आणि नावावर असणं जवळच नांदतात. १८६५ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस एकरांचं आश्वासन मिळालं आणि वर्ष संपायच्या आत ते मागं घेतलं गेलं. मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून गायरान कसणारी माणसं सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून झगडली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं १९९१ मध्ये ठरलं, तरी कित्येकांचा उतारा अजून हातात आलेला नाही. नाव मिळालं आणि नावावर काही झालं नाही, ही तक्रार खरी आहे. पण ती तक्रार करायलाही आधी नाव लागतं. अर्जदार, म्हणून खाली लिहायला.

बारसं उरकल्यावर आजोबांनी ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद आणून दाखवला. राजपत्राचं पान होतं. नोकरी लागल्यावर त्यांनी स्वतःचं नाव बदलून घेतलं होतं. आणि वडील हयात नव्हते, तरी त्यांचं नावही शेपूट काढून नीट लिहून घेतलं होतं. घडीवर कागद विरत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं जन्मनोंदणीच्या कार्यालयात गेलो. बाळ जन्मलं तेव्हा नोंद झाली होती, पण नावाची जागा कोरीच होती. बारसं व्हायचं होतं. खिडकीपलीकडच्या मुलीनं विचारलं, "बाबा, नाव सांगता?" आजोबा खिडकीशी वाकले, आत्या पाळण्यावर वाकली होती तसे, आणि एकेक अक्षर सुटं करून त्यांनी नातवाचं नाव सांगितलं. तिनं ते लिहिलं. लिहिलेलं फिरवून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं.